शहराच्या पाण्याची शाळा संगमावर भरवा



विद्वानांच्या बैठकीत 'शहरी पाणी' असा एक शब्द रुळला आहे. शहरी कापूस नसतो, शहरी ज्वारी नसते, शहरी दूध तर नसतेच नसते. मग शहरी पाणी कुठून आले? लातूरच्या नळाला येते ते मांजऱ्याचे पाणी. पुण्याच्या नळाला येते ते खडकवासल्याचे. छत्रपती संभाजीनगर जायकवाडीचे पाणी पिते. जालना शहराने निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव बांधून घेतला आणि तो पुरेनासा झाल्यावर अंबडमार्गे थेट जायकवाडीहून नळ ओढून आणला. शहराच्या हद्दीत पडतो तो पाऊस शहर दोन तासांत गटारात घालवून मोकळे होते. मग शहराचे स्वतःचे म्हणावे असे पाणी राहिले कोणते? सांडपाणी. तेवढे मात्र ते हिशेब न मागता आपल्याकडे पाठवून देते.

हे मांडायचे कारण असे. शहराच्या गोड्या पाण्याचा अभ्यास करण्यासाठी विद्यापीठाने नदीकाठी स्वतःचे क्षेत्रीय केंद्र काढावे, तिथे मोजमाप करावे आणि पोरांना शिकवावे, ही कल्पना जगात रुजली आहे. ती आपल्याकडे येणार आणि यायलाच पाहिजे. मराठवाड्यात विद्येची ठिकाणे कमी नाहीत. १९५८ सालचे मराठवाडा विद्यापीठ आहे, १९७२ सालचे परभणीचे कृषी विद्यापीठ आहे, पाणी आणि जमिनीच्या व्यवस्थापनासाठी १९८० साली निघालेली वाल्मी आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनेही २०१८ पासून जालन्यात आवार काढले आहे. उद्या यांपैकी कोणी अशा केंद्राचा आराखडा करायला बसले, तर ते कुठे बसतील? शहरातच बसतील. जागा कोणती धरतील? हमरस्त्यालगतची, गाडी दारात उभी राहील अशी. आणि अभ्यास कशाचा करतील? शहराला आणखी पाणी कुठून आणता येईल याचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी आपली गत व्हायची. म्हणून आराखड्याचा कागद कोरा आहे तोवरच बोलले पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर आपण काढलेल्या मोर्चाला चहा मिळतो, दुसरे काही मिळत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. शहराच्या पाण्याची शाळा काढायची तर ती जाफराबादला खेळणा आणि पूर्णेच्या संगमावर काढा.

आधी क्षेत्रीय केंद्र म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याकडे केंद्र म्हटले की कोनशिला, दोन मजली इमारत, वातानुकूलित सभागृह आणि कुलूप एवढे डोळ्यांसमोर येते. खऱ्या केंद्राला यातले काही लागत नाही. नदीच्या पात्रात पक्की रोवलेली मोजपट्टी, पर्जन्यमापक, बाष्पीभवनाचे भांडे, चार-दोन निरीक्षण विहिरी, पाण्याचे नमुने तपासायला एक खोली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सण असो की शिमगा, ठरल्या वेळी पट्टीवरचा आकडा वहीत लिहिणारा माणूस. केंद्राचा जीव त्या वहीत असतो. इंग्लंडात गोड्या पाण्याच्या अभ्यासाची संस्था १९२९ साली निघाली. १९३१ साली तिने विंडरमिअर सरोवराच्या काठावरच्या एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड थाटले. नवी इमारत बांधली नाही. तिथल्या नियमित नोंदी १९४५ पासूनच्या आहेत. आज त्याच सरोवरात सांडपाणी सोडले जाते म्हणून तिथे रान पेटले आहे, आणि वाद घालणाऱ्यांजवळ आजोबांच्या काळी पाणी कसे होते याचा लेखी हिशेब आहे. आपल्याजवळ काय आहे? म्हाताऱ्यांच्या आठवणी. त्या खऱ्या असतात, पण कोर्टात चालत नाहीत.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांचा अभ्यास १९९७ साली सुरू झाला. ओढा शहराबाहेर उगम पावतो तिथपासून शहर ओलांडतो तिथपर्यंत ठिकठिकाणी पाणी मोजायचे, अशी त्याची पद्धत. वर्षानुवर्षे मोजल्यावर दिसून आले की ओढ्यातल्या नायट्रेटला जमिनीखालच्या गळक्या गटारवाहिन्याही कारण आहेत. एरवी दोष कोणाच्या माथी मारला गेला असता ते सांगायला नको. नदीत नायट्रेट सापडले की बोट शेतकऱ्याच्या युरियाच्या गोणीकडे जाते. कधी ते बोट बरोबरही असते. पण गोणीचा वाटा किती आणि गटाराचा किती, हे मोजल्याशिवाय कसे ठरवणार?

संशोधन केंद्र म्हणजे सगळा पोकळ डौल, असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्याच शिवाराकडे पाहावे. ज्या मालदांडीच्या भाकरीवर आपल्या पिढ्या पोसल्या, ती ३५-१ मालदांडी १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रात शेतकऱ्यांच्याच वाणातून निवडली गेली. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ साली सुरू झाले. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेला नांदेड ४४ हा वाण एके काळी मराठवाड्यात घरोघर होता. आपल्या शेजारच्या बदनापूर केंद्राची तूर आज कोणाच्या शेतात नाही? ही सगळी केंद्रे ढेकळात होती म्हणून कामाला आली. ज्वारीचे केंद्र मुंबईच्या मलबार हिलवर काढले असते तर मालदांडी निघाली असती का? हाच न्याय पाण्याला लावा.

आता जाफराबादच का ते सांगतो. नकाशा उघडा. पूर्णा आणि खेळणा या दोन्ही नद्या अजिंठ्याच्या डोंगरातून येतात. (ही पूर्णा गोदावरीला मिळणारी. अकोला-अमरावतीकडे खारपाणपट्ट्यातून वाहत तापीला मिळते ती पूर्णा वेगळी. मुंबईच्या कचेऱ्यांत या दोन बहिणींची गल्लत होते, म्हणून स्पष्ट केले.) खेळण्यावर वर धरण आहे, त्यातून सिल्लोड शहर पाणी घेते. खाली तिच्याच काठावर भोकरदन आहे, तेही आता नगरपरिषदेचे गाव. त्याच्याही खाली जाफराबाद, जिथे ती पूर्णेला मिळते. जाफराबादचीही ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आहे, म्हणजे कागदोपत्री आपणही शहरवासी झालो. नळ रोज येत नाही ही गोष्ट वेगळी. पुढे हेच पाणी बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरणात साठते, तिथून येलदरीला आणि सिद्धेश्वरला जाते, आणि परभणी शहराच्या नळाला लागते. वरच्या शहराने प्यायचे, मधल्या शहराने धुवायचे, खालच्या शहराने गाळून पुन्हा प्यायचे, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर गावाने बघत बसायचे. शहर आणि पाणी यांचे सगळे नाते एका नदीवर एका दिवसाच्या मोटरसायकलच्या फेरीत दिसते. असे ठिकाण पुण्या-मुंबईत शोधून सापडणार नाही. तिथे एकच अजस्र शहर असते आणि बाकी सगळे त्याच्या पोटात जाते. देशातली नवी शहरे मात्र भोकरदन-जाफराबादसारखीच वाढत आहेत. बसस्टँडभोवती गाळे, गाळ्यांमागे प्लॉट, प्लॉटमागे उघडी नाली, आणि नाली सरळ नदीत. ही शहरे आज आहेत त्या अवस्थेत मोजली नाहीत तर वीस वर्षांनी सुधारायची कशी?

विद्यापीठे आपल्या भागात आलीच नाहीत असेही नाही. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले आणि खेळण्याकाठी गाडले गेलेले दोन हजार वर्षांपूर्वीचे भोगवर्धन नगर उजेडात आणले. मोठे काम झाले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी खेळण्याकाठचे शहर कसे होते हे कळले, आणि आज खेळण्यातून काय वाहते हे काठावरच्या माणसाला माहीत नाही, हे कसे? मेलेल्या शहरावर जेवढी माया केली तेवढी जित्या नदीवरही करा, एवढेच मागणे आहे.

मोजायचे काय? एक साधा हिशेब पाहा. पाटी-पेन्सिल घेऊन करून पाहता येईल असा आहे.

एक लाख वस्तीचे शहर धरा. भुयारी गटार असलेल्या शहराला सरकारी मापाने माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. (जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर. तहान सारखीच, माप वेगळे.) म्हणजे रोजचे १ कोटी ३५ लाख लिटर. त्यातले ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे अभियंतेच धरतात. म्हणजे रोज १ कोटी ८ लाख लिटर, वर्षाला सुमारे ३९४ कोटी लिटर. आता आपल्या कपाशीकडे या. कपाशी बोंडावर असताना किंवा रब्बीची ज्वारी पोटरीत असताना पावसाने डोळे वटारले, तर दोन इंचाची एक पाळी पीक वाचवते. दोन इंच म्हणजे एकराला साधारण दोन लाख लिटर. करा भागाकार. एकोणीस हजार एकरांच्या वर क्षेत्राला एकेक पाळी देता येईल एवढे पाणी एक लाखाचे शहर वर्षाला गटारात सोडते. निम्मे गळतीत आणि उन्हात गेले म्हणा, तरी साडेनऊ हजार एकर उरतात. कोरडवाहू माणसासाठी ती एक पाळी म्हणजे घरात कापूस येणे आणि पऱ्हाट्या येणे यांतला फरक आहे.

हे सांडपाणी आपला शत्रू नाही, हे मी मुद्दाम सांगतो. त्यात नत्र आहे, स्फुरद आहे. कापूस हे खाण्याचे पीक नाही, म्हणून प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी भाजीपाल्यापेक्षा कापूस केव्हाही बरा. पण त्याच पाण्यात साबणाचे आणि कपड्याच्या पावडरीचे सोडियमही असते. आपली जमीन काळी, भारी, चिकण. सोडियम साचत गेले की अशी जमीन चोपण होते. पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही, नांगर लागत नाही, उन्हाळ्यात भेगा दगडासारख्या होतात. किती वर्षे पाणी दिले तर जमीन चोपण होईल? जिप्सम टाकून आवरता येईल का? पावसाळ्यात किती धुऊन जाईल? एक पाळी नदीचे आणि एक पाळी सांडपाण्याचे असे आलटूनपालटून दिले तर काय होईल? याची उत्तरे जर्मनीच्या पुस्तकात मिळणार नाहीत. ती पूर्णेकाठच्या मातीत पाच-दहा वर्षे घाम गाळून काढावी लागतील. शहरी पाण्याचा अभ्यास म्हणतात तो हा.

उत्तरे काढली नाहीत तर काय होते, त्याचे उदाहरण पुण्याने घालून दिले आहे. शहराने धरणातले पाणी जास्त उचलायचे आणि बदल्यात प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला द्यायचे, असे ठरले. मुंढव्याला जॅकवेल बांधली, पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडले, करार वर्षाला साडेसहा टीएमसीचा. कागदावर कल्पना चोख. पण हवेली-दौंडच्या शेतकऱ्यांची तक्रार पाण्याच्या प्रतीची आहे. काळे पाणी, वास, फेस. शेतकरी म्हणतो पाणी घाण आहे, महापालिका म्हणते प्रक्रिया केली आहे. या दोघांच्या मधोमध कालव्याकाठी बसून, दोघांचाही मिंधा नसलेला कोणी आठवड्याला नमुना घेऊन आकडा जाहीर करत असता, तर भांडण दोन महिन्यांत मिटले असते. नागपूरचे पाहा. त्या महापालिकेने भांडेवाडीचे सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला पैसे घेऊन दिले. कारखान्याला जाते तेव्हा सांडपाण्याला भाव असतो आणि करार असतो. शेतकऱ्याच्या नाल्यात येते तेव्हा त्याला ना भाव, ना करार, ना कोणाची जबाबदारी. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा आहे. पन्नाशी ओलांडली त्याने.

आता खरा घाव कुठे बसतो ते सांगतो. तो आकड्यांचा आहे.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जालना जिल्ह्यातले भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा हे पाच तालुके त्यात होते. जाफराबाद नव्हता. नंतर महसूल मंडळांच्या वेगळ्या याद्या निघाल्या, सवलतींची भाषा झाली, ते सगळे वरातीमागून घोडे. भोकरदन आणि जाफराबाद यांच्यामध्ये काय हिमालय आहे? तीच नदी, तीच माती, तोच ढग. पण २०१६ च्या दुष्काळ संहितेत दुष्काळ आता डोळ्यांनी ठरत नाही, निर्देशांकांनी ठरतो. पावसाचा खंड, पेरणी, उपग्रहातून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल, भूजलाची पातळी, धरणाचा साठा आणि नदीचा प्रवाह. ही मापे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. तलाठ्याच्या नजरअंदाज आणेवारीपेक्षा मोजमाप केव्हाही चांगले. पण मोजमापावर निवाडा होणार असेल तर मोजमाप दाट हवे आणि ते आपल्याला दिसायला हवे. नदीच्या प्रवाहाच्या नोंदी कुठल्या तरी कचेरीत असतीलही. आपल्या चावडीवर त्या कधी लागल्या का? संगमावर रोज मोजली जाणारी पट्टी असती, वीस विहिरींची पातळी दर पंधरवड्याला फळ्यावर लागत असती, तर यादी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी वही घेऊन तहसीलवर जाता आले असते. नुसत्या रिकाम्या हातांनी घोषणा द्याव्या लागल्या नसत्या.

मोठ्या वादांतही हेच झाले. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही, हा वाद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढे गेला. २०१४ साली आदेश झाला, २०१६ साली उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. सगळे भांडण कशावर फिरले? जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली की वर, या आकड्यावर. ज्याची वही त्याचे पाणी. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम लावला होता. तो २०११ साली उलटा करून शेतीला दुसऱ्या जागी आणावे लागले. क्रम कागदावर बदलला, पण शहराने पिण्यासाठी म्हणून घेतलेल्या पाण्यातले किती घशात गेले आणि किती बंगल्याच्या हिरवळीत, हे मोजल्याशिवाय त्या क्रमाला काय अर्थ उरतो? पिण्याच्या पाण्याला आपण कधी आडवे गेलो नाही, जाणारही नाही. टंचाईत तहसीलदार शेतकऱ्याची विहीर अधिग्रहित करतो, ठरीव भाडे लावतो, आणि शेतकरी उभी मोसंबी वाळू देऊन गावाला पाणी देतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. त्याच दिवसांत आसपासच्या गावांच्या विहिरी-बोअरमधून टँकरने त्या शहरात किती पाणी गेले, हा आकडा तुम्ही कधी ऐकला का? रेल्वेचे पाणी मोजले, कारण ते सरकारचे होते. विहिरीचे मोजले नाही, कारण ते तुमचे होते.

आणखी एक गंमत पाहा. पोकरा योजनेत जालना जिल्हा होता. त्यात गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडायला लावला. पाऊस किती पडला, मुरला किती, पिकांना लागतो किती, तूट किती. आयआयटी मुंबईच्या जाणकारांनी त्याचे गणित बसवून दिले. चांगले केले. कडवंचीसारख्या गावाने १९९६ पासून पाणलोटाची कामे करून दाखवली, ती पाण्याचा हिशेब ठेवला म्हणूनच. पण असा ताळेबंद खेड्यानेच का मांडायचा? जालना शहराचा ताळेबंद कुठल्या भिंतीवर लावला आहे? छत्रपती संभाजीनगरचा? जमा किती, खर्च किती, गळती किती, आणि खालच्या गावाचे देणे किती? गरिबाने खर्चाची वही दाखवायची आणि श्रीमंताने नुसता उधारीचा आकडा सांगायचा, ही कुठली सावकारी? शहरी पाण्याच्या केंद्राचे पहिले काम हा ताळेबंद मांडणे हेच असले पाहिजे.

आपल्यातले काही जण विचारतील, कापसाला भाव नाही, बोंडअळीने कंबरडे मोडले, आणि तुम्ही नदीत पट्ट्या रोवायला कुठे निघालात? प्रश्न रास्त आहे. मोजपट्टीने कापसाचा भाव वाढत नाही. पण भावासाठी आपण उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला शिकलो, तेव्हाच आपले म्हणणे दिल्लीपर्यंत ऐकू गेले. पाण्याचा हिशेब अजून मांडलेला नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला वाटते की कालव्याचे भांडण बागायतदारांचे, आपण त्यात कशाला? पण विहीर आपली आटते, टँकर आपल्या रस्त्यावर उभा राहतो, आणि शहराची नाली आपल्या जनावरांच्या पाणवठ्यात उतरते. कालवा नाही म्हणून आपला संबंध नाही, असे कसे?

प्राध्यापक मंडळी वेगळेच म्हणतील. शेतकरी समितीवर आले की राजकारण येते, शास्त्र तटस्थ पाहिजे. राजकारण आधीच आलेले आहे, साहेब. पाण्याचा नळ कुणीकडे वळला ते पाहा. तटस्थ राहायचे तर दोन्ही बाजूंच्या मधे बसावे लागते, एका बाजूच्या बंगल्यात बसून ते जमत नाही.

आणि आपल्या माणसांनाही आधीच सांगून ठेवतो. मोजपट्टी कोणाची नातेवाईक नसते. ती शहराचे दाखवील तसे आपलेही दाखवील. पूर्णेतली वाळू उपसणारे ट्रॅक्टर काही लंडनहून येत नाहीत. वाळू गेली की पात्रातले झिरपे गेले आणि काठच्या विहिरी बसल्या, हे वहीत उतरेल. पाचशे-सातशे फूट बोअर घेऊन शेजाऱ्याची विहीर कोणी कोरडी केली तेही उतरेल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असे भारतीय मानक सांगते. ते ओलांडले तर त्यात गोणीचा वाटा किती, हेही निघेल. हे सोसायची तयारी असेल तरच मागणी करू. आमच्या मते तयारी ठेवावी. खोट्या वहीपेक्षा कडू वही बरी.

तेव्हा आराखडा करणाऱ्यांनी काय करावे? जागेसाठी गायरानाला हात लावू नये. गायरानावर भूमिहीनांच्या शेळ्या जगतात. जिल्हा परिषदेच्या, पाटबंधारे खात्याच्या रिकाम्या इमारती तालुक्यांत पडून आहेत, त्यांतली एखादी भाड्याने घ्यावी. विंडरमिअरला जुना वाडा चालला, आपल्याला जुनी शाळा चालेल. मोजण्याच्या जागा तीन ठिकाणी हव्यात. भोकरदनच्या वर, भोकरदन आणि जाफराबादच्या मधे, आणि संगमाच्या खाली. एकाच ठिकाणी मोजले तर कोणाचे देणे किती ते कधीच निघणार नाही. रोजच्या नोंदी घ्यायला याच गावांतली बारावी विज्ञान झालेली पोरेपोरी घ्यावीत, आणि त्यांना पगार द्यावा. मानधन नव्हे. मानधन म्हणजे मान त्यांचा आणि धन दुसऱ्याचे. दोन वर्षांचा प्रकल्प आणि तिसऱ्या वर्षी कुलूप, हे चालणार नाही. निदान दहा वर्षांच्या खर्चाची तरतूद आधी दाखवावी. दुष्काळ दर वर्षी ठरवून येत नाही, त्याची वाट पाहत बसणारे केंद्र हवे. पैसा कुठूनही येवो, कारखान्यातून किंवा परदेशातून, पण वही सार्वजनिक राहील असे करारात लिहावे. विहिरीची पातळी मोजायची तर मालकाची परवानगी घ्यावी, आणि त्याच्या विहिरीचा आकडा आधी त्याला सांगावा, मग परिषदेत वाचावा. आकडे मराठीत, लिटरमध्ये आणि फुटांत, दर महिन्याला चावडीवर, शाळेच्या भिंतीवर आणि नगरपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. 'एमएलडी' म्हणजे काय हे विचारायला शेतकऱ्याने तालुक्याला जायचे का?

राहिले शिक्षण. ते दोन्ही बाजूंनी व्हावे. जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांना नदीतले किडे ओळखता आले तरी पाणी कुठपर्यंत चांगले आहे ते कळते, त्याला महागडे यंत्र लागत नाही. पण शिकवण्याची जास्त गरज आहे ती वरच्या शहरांना. मुख्याधिकारी आणि पाणीपुरवठ्याचे अभियंते यांना मे महिन्यात दहा दिवस संगमावर बसवा. श्रावणात सगळ्याच नद्या सुंदर दिसतात. मे महिन्यात पात्रात जे ओले दिसते ते नदीचे पाणी आहे की वरच्या शहराचे, ते त्यांनी स्वतःच्या नाकाने ठरवावे. कॉलेजच्या मुलामुलींनीही यावे, टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगेत उभे राहावे, मग घरी जाऊन आपल्या नळाचे मीटर वाचावे.

जिल्हा बैठकीत हा विषय घेतला आहे. जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यांच्या कार्यकर्त्यांनी येताना आपापल्या गावातल्या पाच विहिरींची माहिती लिहून आणावी. खोली किती फूट, पाणी दिवाळीत किती परस, शिमग्याला किती, अक्षय्य तृतीयेला किती, आणि ती २०१३, २०१६, २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत आटली होती की नाही. नदीकाठच्या गावांनी नाली किंवा ओढा नदीला कुठे मिळतो ती जागा गट नंबरासह कागदावर काढून आणावी. विद्यापीठांना आणि वाल्मीला द्यायच्या निवेदनाला ही माहिती जोडायची आहे. ज्यांच्या विहिरी अधिग्रहित झाल्या होत्या त्यांनी आदेशाची झेरॉक्स आणावी, आणि भाडे मिळाले की राहिले तेही त्यावर लिहावे.